घरातला पडदा

वसंत व्याख्यानमालेत चित्रपटासारखा विषय घ्यावा काय, अशी शंका आमच्या दोघातिघा स्नेह्यांनी काढली. आम्ही त्यांस इतकेच विचारले की, काल रात्री जेवणानंतर आपण काय केलेत? तिघांनीही चित्रपट पाहिला होता. त्यांतील एकाने निम्मा पाहिला होता आणि निम्मा झोपेत ऐकला होता. कोणता पाहिला, हे तिघांनाही सांगता आले. कसा पाहिला, ह्या प्रश्नाचा मात्र अर्थच त्यांच्या ध्यानात येईना. “कसा म्हणजे? डोळ्यांनी!” असे उत्तर मिळाले. तेव्हा हा विषय घेण्यास हरकत नाही, असे आम्ही ठरविले.

प्रारंभ घरातल्याच एका प्रसंगाने करतो. आमच्या आत्याबाईंनी ‘संत तुकाराम’ पहिल्यांदा पाहिला तो बाजारच्या गावी, तंबूत. प्रभातने हा चित्रपट १९३६ साली काढला; दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तेथून आत्याबाईंच्या तंबूपर्यंत पोचावयास त्याला आणखी नऊ-दहा वर्षे लागली. आत्याबाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. पुढे दूरदर्शनवर तो लागला तेव्हा नेमके कुणाचे तरी बाळंतपण अथवा आजारपण निघे, आणि त्यांचा योग चुके. २०११ साली आमच्या घरी भिंतीवर टांगावयाचा रुंद संच आला. त्यावर एका दुपारी ‘संत तुकाराम’ लागला, तेव्हा आम्ही मोठ्या हौसेने त्यांना समोर बसविले. पंधरा मिनिटांत त्या उठल्या. म्हणाल्या, “अरे, पागनीस इतके जाडे नव्हते. आणि हा आवाज कुणाचा लावलाय? हा तो सिनेमा नव्हे.”

म्हातारपणी माणसाला सगळेच जुने बारीक आणि गोड आठवते, असे म्हणून आम्ही तो विषय सोडून दिला. परंतु मनातून तो जाईना. शेवटी मोजपट्टी घेऊन आम्ही संचापुढे उभे राहिलो, आणि आत्याबाईंचे म्हणणे दोन्ही बाबतींत अक्षरशः खरे ठरले.

आधी जाडेपणाचे पाहू. त्या काळच्या चित्रपटाची चौकट जवळजवळ चौरसाकडे झुकणारी असे. उंची तीन मानली तर रुंदी चारहून थोडी अधिक. जुने दूरचित्रवाणी संचही चारास तीन ह्याच मापाचे होते, त्यामुळे भांडण नव्हते. नव्या रुंद संचाचे माप मात्र सोळास नऊ. जुने चित्र त्यावर खरेपणाने दाखवावयाचे तर दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहावयास हवेत. पण पट्टे दिसले की घरधन्याला वाटते, पैसे पुऱ्या पडद्याचे मोजले आणि चित्र पाऊणच मिळाले! म्हणून वाहिनीवाले, खोकेवाले किंवा संच स्वतःच ते चित्र दोन्हीकडून ओढून भिंतीएवढे करतात. ह्या ओढाताणीत रुंदी एक-तृतीयांशाने वाढते, उंची आहे तेवढीच राहते. तुकोबांच्या देहूत सगळेच सुखवस्तू दिसू लागतात. दुष्काळातली माणसेसुद्धा!

ह्याहून वाईट एक तोड आहे. काही संच चित्र ओढीत नाहीत, मोठे करतात, आणि वरचे-खालचे कापून टाकतात. त्यात उंचीचा चौथा हिस्सा जातो. माणसे जाड होत नाहीत, परंतु उभ्या माणसाचे कपाळ आणि बसलेल्या माणसाचे हात नाहीसे होतात. कीर्तनाच्या दृश्यात हातच गेले तर चिपळ्यांचा नुसता आवाज उरतो. दोन्हींवर उपाय एकच आणि फुकटचा आहे. संचाच्या चित्रमापाच्या यादीत ‘मूळ’ किंवा ‘४:३’ असा पर्याय असतो, तो निवडावा आणि काळे पट्टे गोड मानून घ्यावेत. ४३ इंची संचावर असे चित्र ३५ इंची होते. चाळीतल्या अख्ख्या मजल्याने ज्या संचापुढे बसून रविवार काढले, त्याच्याहून ते कितीतरी मोठे आहे.

आता आवाज. चित्रपट एका सेकंदास चोवीस चित्रे ह्या वेगाने घेतला आणि दाखविला जातो. आपल्या देशात दूरचित्रवाणीची जी पद्धत पडली, ती सेकंदास पंचवीस चित्रांची. चोवीसचे पंचवीस करण्याचा सोपा मार्ग म्हणजे फीत थोडी जोरात पळविणे, आणि तोच सर्रास अवलंबिला गेला. दूरचित्रवाणीसाठी तयार केलेल्या प्रतींवरून ज्या तबकड्या निघाल्या, त्यांतही हा वेग उतरला. शेकडा चारांचा फरक डोळ्यांना कळत नाही. सव्वादोन तासांचा चित्रपट पाच-साडेपाच मिनिटे आधी संपतो, याचीही कुणी तक्रार करीत नाही. पण कान फसत नाहीत. वेग वाढला की स्वर चढतो. काळी एकमध्ये गाणाऱ्याचा षड्ज आपली पट्टी सोडून पांढरी दोनच्या दिशेने निम्म्याहून अधिक वाट चालून जातो. विष्णुपंत पागनीस ‘तुकाराम’मधली पदे स्वतः गायले. ज्या मुलीने तंबूत तो आवाज एकदाच, पण जीव लावून ऐकला, तिला पासष्ट वर्षांनी तो परका वाटला, यात तिच्या कानाची तारीफ आहे. म्हातारपणाचा काही संबंध नाही.

वेगाचा हा घोळ मूकपटांच्या बाबतीत तर हास्यास्पद होतो. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवीत आणि सेकंदास सोळा ते अठरा चित्रे घेत. ती चोवीसने दाखविली की हरिश्चंद्र राजा राज्यदान करून दुडक्या चालीने निघतो. जुनी माणसे पडद्यावर तुरुतुरु चालत, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. ती चालत नव्हती, आपण त्यांस पळविले. योग्य वेगाने लावलेला मूकपट ज्याने एकदा पाहिला, त्याला त्यातल्या अभिनयाला हसू येत नाही.

उलट दिशेची गोष्ट रुंद चित्रपटांची. गुरुदत्तांचा ‘कागज के फूल’ हा १९५९ सालचा चित्रपट, भारतातला पहिला सिनेमास्कोप. त्याची चौकट उंचीच्या सव्वादोनपटीहूनही रुंद. हा प्रकार जुन्या चौकोनी संचावर पडदाभर दाखवीत, तेव्हा दोन्ही बाजूंचे मिळून पाचातले दोन हिस्से चित्र गळून पडे. पडद्याच्या एका टोकाला नायक, दुसऱ्या टोकाला नायिका, मधे रिकामी जागा, अशी दिग्दर्शकाने मुद्दाम योजना केलेली असावी. आणि आपण घरी बसून ती रिकामी जागा पाहावी! अशा चित्रपटास आता वर-खाली काळे पट्टे येतात, तेही तसेच राहू द्यावेत.

नव्या संचांत आणखी एक खोड आहे, तिची दखल परदेशातल्या मोठ्या नटांनाही घ्यावी लागली. सेकंदास चोवीस चित्रे असली तरी संच पन्नास-साठ वेळा किंवा त्याहून अधिक उजळतो. मधल्या मोकळ्या वेळात काय दाखवावे, तर दोन खऱ्या चित्रांमधले तिसरे चित्र संच स्वतःच कल्पून भरतो. क्रिकेटच्या चेंडूसाठी ही युक्ती उत्तम. चित्रपटात मात्र तिच्यामुळे सगळी हालचाल तेलकट आणि गुळगुळीत होते, आणि कोट्यवधी खर्चाचा चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. टॉम क्रूझ ह्या अमेरिकन नटाने २०१८ साली ही सोय बंद करा, अशी विनंती जाहीरपणे प्रेक्षकांना केली होती. प्रत्येक कंपनी तिला वेगळे नाव देते. नावात बहुधा ‘मोशन’ हा शब्द असतो. ती बंद करावी. अलीकडच्या काही संचांत ‘फिल्ममेकर मोड’ अशी कळ येते, तीत हे सारे एका झटक्यात होते.

हे सर्व ऐकून कुणी म्हणेल, इतका खटाटोप करण्यापेक्षा थिएटरात जावे. जरूर जावे. पण थिएटरचे गोडवे गाणाऱ्यांत आम्ही नाही. आमच्या तरुणपणीच्या थिएटरांत खुर्च्यांतले ढेकूण, पुढच्या रांगेतली विडी आणि मागच्या रांगेतला, प्रत्येक संवाद आधी म्हणून दाखविणारा गृहस्थ, ही मंडळी चित्रपटाइतकीच नित्याची होती. शिवाय जो चित्रपट आता कुठल्याच थिएटरात लागत नाही, त्याचे काय? त्याला घरच आहे.

आणि घरीदारी चित्रपट पाहण्याची परंपरा आपल्याकडे तशी जुनीच आहे. गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी दोन बांबूंना पांढरी चादर बांधून १६ मिलिमीटरच्या यंत्रावर चित्रपट दाखवीत. चादरीच्या दोन्ही बाजूंस माणसे बसत. मागून पाहणारास नायक डाव्या हाताने जेवताना दिसे आणि पाट्या उलट्या वाचाव्या लागत. तिकडे बसणारी पोरे त्यातही तरबेज झाली होती. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, नि १९७३ पासून पुण्यासही ते दिसू लागले. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. ज्याच्या घरी संच, त्याच्या दारात चपलांचा ढीग. यजमानीण बिचारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून तिरक्या मानेने पाही, कारण पुढची जागा शेजाऱ्यांनी धरलेली असे. १९८२ च्या सुमारास रंग आला, पाठोपाठ कॅसेट आली. रात्रीपुरते यंत्र भाड्याने आणून, पैसे वसूल करण्यासाठी पहाटेपर्यंत तीन-तीन चित्रपट डोळ्यांत कोंबण्याची तऱ्हा आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कॅसेट देणाऱ्या एका दुकानातून आम्ही एकदा एक रहस्यपट आणला. खुनी कोण हे कळावयाच्या क्षणी पडद्यावर कुणाच्या तरी मुंजीतली मातृभोजनाची पंगत सुरू झाली. तो खुनी आम्हांस आजतागायत ठाऊक नाही.

गमतीची गोष्ट म्हणून आम्ही ती सांगितली, पण तिच्यात ह्या विषयाचे मर्म आहे. चित्रपट हा पुस्तकासारखा एक नसतो. त्याच्या प्रती असतात, आणि प्रतीगणिक तो वेगळा असतो. सुरुवातीच्या काळची फीत नायट्रेटची. ती इतकी ज्वालाग्राही की पेटली असता पाण्यात बुडविली तरी जळत राहते, कारण जळण्यास लागणारा प्राणवायू तिच्या घडणीतच असतो. जी जळाली नाही ती कालांतराने चिकट होऊन, पुढे भुकटी होऊन जाते. पुष्कळशी तर तिच्यातली चांदी काढण्यासाठी विकली गेली. १९३१ चा ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत उरलेली नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ सालचा मूक ‘सावकारी पाश’ आपण फक्त वर्णनांतून जाणतो. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून, गोदामे धुंडाळून प्रती गोळा केल्या, म्हणून फाळक्यांचे जे काही आज दिसते ते दिसते. त्या पुण्यातही २००३ साली, जेथे प्रभातचे चित्रपट घडले त्याच आवारात, नायट्रेटच्या साठ्यास आग लागून अनेक जुन्या प्रती गेल्या. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ची मूळ निगेटिव्हे १९९३ साली लंडनच्या एका आगीत होरपळली. त्यांतल्या शाबूत तुकड्यांवरून आणि इतर प्रतींवरून तो नव्याने सिद्ध होऊन २०१५ साली लोकांपुढे आला.

तेव्हा घरी चित्रपट लावताना पहिला प्रश्न असा असावा की, ही प्रत कोणती आणि ती पुरी आहे काय? स्वातंत्र्यानंतरच्या चित्रपटांपुरते ह्याचे उत्तर पडद्यावरच मिळते. आरंभी प्रमाणपत्राचा कागद झळकतो, तो आपण पुढे ढकलतो. त्यावर रिळांची संख्या आणि लांबी लिहिलेली असते. फीत मिनिटास नव्वद फूट, म्हणजे सुमारे साडेसत्तावीस मीटर धावते. लांबी ४,००० मीटर असेल तर चित्रपट १४६ मिनिटांचा असावयास पाहिजे. आपल्या हातातली प्रत १४० मिनिटांची असेल तर ती पंचवीस चित्रांच्या वेगाची करामत समजावी. १२० मिनिटांचीच असेल, तर कुणीतरी दोन-तीन रिळे खाल्ली आहेत. बहुधा त्यांत एखादे गाणे असते. पुढे ‘चित्रपट मधेच तुटक वाटतो’ असे म्हणून दिग्दर्शकास नावे ठेवण्यापूर्वी हा भागाकार करावा.

प्रत आपल्याजवळ असणे हीही वेगळी बाब आहे. हल्ली महिन्याचे पैसे भरले की हजारो चित्रपट घरात उघडतात, ही सुखाची गोष्ट. पण ते चित्रपट त्या कंपनीकडेही ठराविक मुदतीच्या कराराने आलेले असतात. मुदत सरली की आपला आवडता चित्रपट एका सकाळी यादीतून नाहीसा होतो, आणि विचारावे तर कुणाला? आमच्याकडच्या कॅसेटींना कोकणातल्या तीन पावसाळ्यांनी पांढरी बुरशी आणली, ते खरे. व्हीसीडीच्या तबकड्या चरे पडून अडखळू लागल्या, तेही खरे. आणि त्यांचे चित्र मुळात जेमतेम एक लाख ठिपक्यांचे, आजच्या साध्या संचाच्या वीस लाखांपुढे अगदीच पुसट. तरीही जे दोन-चार चित्रपट आपल्या जन्माला पुरणारे आहेत, त्यांची अधिकृत, चांगली तबकडी मिळत असेल तर विकत घ्यावी, असे आमचे मत आहे. रामायणाची पोथी कुणी भाड्याने आणीत नाही.

राहिली बसण्याची व्यवस्था. ती फार थोडक्यात सांगतो, कारण ज्याचे त्याचे घर जेवढे तेवढे. ४३ इंची संचापासून पाच-साडेपाच फुटांवर बसावे. आपण बहुतेक जण दुप्पट दूर बसतो आणि मग डोळे मिचकावतो. समोरची ट्यूब बंद करून संचाच्या मागे एक मंद दिवा ठेवावा. आवाजासाठी, शक्य असल्यास, वेगळा ध्वनिक्षेपक पडद्याच्या अगदी खाली ठेवावा. भिंतीच्या संचाचे ध्वनिक्षेपक पातळ अंगात कोंबलेले आणि जमिनीकडे किंवा भिंतीकडे तोंड केलेले असतात, म्हणून शब्द कळत नाहीत. जुन्या थिएटरात आवाज पडद्यामागच्या एकाच जागेवरून येई. तेव्हा चारी बाजूंनी आवाज घुमविणारी कळ जुन्या चित्रपटास लावू नये. माजघरातले संभाषण विहिरीत बसून ऐकल्यासारखे होते.

आणि पंखा. शांतारामबापूंचा ‘कुंकू’ १९३७ सालचा. शांता आपटे आणि केशवराव दाते ह्यांच्या त्या चित्रपटात पार्श्वसंगीत मुळी नाहीच. जे ऐकू येते ते त्या प्रसंगात खरोखर वाजणारे असते; भांडे, पाऊल, घड्याळ. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात टिकटिकणारे घड्याळ हे त्यातले एक पात्रच आहे. तो चित्रपट आम्ही एका मे महिन्यात गरगर पंख्याखाली पाहिला, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, आणि आम्हांस तो सपक वाटला! पुढे एका थंडीत पंख्याविना पाहिला, तेव्हा कळले की आधी आम्ही निम्माच पाहिला होता.

त्याच थंडीत आम्ही आत्याबाईंना पुन्हा बसविले. ह्या वेळी दोन्हीकडे काळे पट्टे होते. चित्रपट संगणकावरून लावून वेग ०.९६ केला होता. अशा वेळी यंत्र स्वर आपल्या बुद्धीने ‘सावरून’ चढ्या पट्टीतच ठेवते, ती सोय शोधून बंद करावी लागली, त्यात आमचा एक तास गेला. आत्याबाईंना आता ऐकू कमी येते, म्हणून ध्वनिक्षेपक त्यांच्या खुर्चीकडे वळविला. पहिले पद सुरू झाले तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. फक्त पदर सारखा केला.

मुलाच्या आजाराने जीव मेटाकुटीला आलेली जिजाई एका हाताने पोराला फरफटत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारावयास देवळात शिरते, तो प्रसंग आला. गौरी नावाच्या नटीने तो असा केला आहे की देवालाही ओशाळे व्हावे. आत्याबाई एकदम पुढे सरसावल्या. “हे आम्हांला दिसलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तंबूत इथंच रीळ तुटलं होतं. दिवे लागले, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि पुन्हा सुरू झालं ते पुढचंच. जिजाई पायताण घेऊन गेली होती हे मला आईनं घरी आल्यावर सांगितलं. तिनं तो आधी कोल्हापुरास पाहिला होता.”

आम्ही चित्रपट थांबविला, मागे नेला आणि तो प्रसंग पुन्हा लावला. त्यांनी तो तीन वेळा पाहिला. मग म्हणाल्या, “आता पुढं जाऊ दे.”